उन्हात बघा, ताई

महाद्वार रोडला आमचं मॅचिंग सेंटर आहे. आण्णांनी, म्हणजे माझ्या वडिलांनी काढलेलं. साडीवर ब्लाउजपीस, अस्तर, फॉल, परकर, रिळं. सकाळी दहा ते रात्री नऊ मी रंगच जुळवत असतो. घरी येऊन पुन्हा मोबाइलवर रंग जुळवत बसायचं मला काहीच कारण नव्हतं. पण भाचा असला की कारण लागत नाही.

आक्काचा मुलगा इंजिनिअर झाला आणि राजारामपुरीतल्या त्यांच्या माळ्यावर पंखा फुल्ल सोडून एकटाच गेम करत बसला. "इंडी गेम असतंय मामा," म्हणाला. मला 'इंडियन' ऐकू आलं आणि ऊर भरून आला. मग कळलं, इंडी म्हणजे मागे मोठी कंपनी नाही, पैसा नाही, पगार नाही. आमच्याकडे याला 'घरी बसून आहे' म्हणतात.

आक्कानं विषय काढला की त्याची उदाहरणं तयार असायची. टेट्रिस १९८४ साली मॉस्कोत पाजित्नोव नावाच्या एका माणसानं केला. "त्याला सरकारी नोकरी होती," हे आक्कानं कुठून तरी शोधून काढलं, आणि ते खरंही निघालं. मग पोरगं २०४८ वर आलं. तो आकड्यांचा खेळ २०१४ साली इटलीच्या १९ वर्षांच्या मुलानं शनिवार-रविवारात उरकला. त्याच धर्तीचा थ्रीज नावाचा खेळ दोघांनी वर्षभराहून जास्त घासूनपुसून नुकताच आणला होता, आणि लोक पळाले या फुकटातल्याकडे. म्हणजे वर्षभर दूध-बदाम खाऊन खासबागेत उतरलेल्या पैलवानाला सुट्टीवर आलेल्या पोरानं चितपट करावं, तसं. मला त्या दोघांचंच वाईट वाटत राहिलं. धंद्यातला माणूस आहे मी.

"मामा, खेळून बघा की. आणि खरं सांगा." 'खरं सांगा' म्हणणारी गिऱ्हाइकं मला रोज भेटतात. हा रंग मला खुलतो का, खरं सांगा. त्यांना काय सांगायचं असतं ते मला चांगलं ठाऊक आहे.

खेळ असा: वरून रंगीत गोट्या पडतात. एका रंगाच्या तीन गोट्या शेजारी आल्या की बोट लावायचं, त्या फुटतात. दर दहा बोटांनी छत एक ओळ खाली येतं आणि गोट्या छताला टेकल्या की खेळ खलास. फुटण्याचा आवाज म्हणून भाच्यानं आक्काच्या मोहरीच्या फोडणीचा आवाज भरलेला. कल्पना झकास, पण रात्री साडेदहाला पंधरा-वीस फोडण्या ऐकल्या की माणूस उठून डबे हुडकायला लागतो. आठवड्यात माझं वजन किती वाढलं, हा प्रश्न त्याच्या फॉर्ममध्ये नव्हता.

मी पहिल्याच लेव्हलला तीनदा मेलो. कारण मला रंग नीट दिसतात. भाचा म्हणाला, "हिरवं हिरव्याला जुळवा." माझ्या दुकानात नुसत्या हिरव्याची बारा खोकी आहेत. पोपटी, शेवाळी, मेंदी, मोरपंखी, बॉटल ग्रीन. त्याच्या हिरव्या गोट्यांना वरून चमक दिलेली, त्यामुळे वरची बाजू पोपटी आणि खालची मेंदी. दोन गोट्या एकाच ताग्यातल्या आहेत याची खात्री होईपर्यंत छत डोक्यावर. त्यात रात्री मोबाइल आपणहून पिवळट होतो. सगळा खेळ हळदीला बसल्यासारखा. शेवटी मी काय केलं, तर अंथरुणातून उठून गॅलरीतल्या बल्बखाली गेलो. सवय. ट्यूबलाइटखाली दोन कापडं जुळी बहिणी वाटतात आणि दारात नेली की सावत्र निघतात. म्हणून आण्णा प्रत्येक गिऱ्हाइकाला फूटपाथवर न्यायचे. "उन्हात बघा, ताई. तुमच्या डोळ्याला पटतंय का सांगा." मोबाइलच्या पडद्याला मात्र स्वतःचाच उजेड असतो, गॅलरीत नेऊन काय उपयोग, हे बायकोनं आतून ओरडून सांगितलं.

पुढचा त्रास दुकानात. खोक्यांच्या मांडणीत तीन डाळिंबी शेजारी दिसली की बोट शिवशिवायचं. एकदा भिशीच्या तिघी एकसारख्या चिंतामणी साड्या नेसून पायरीवर उभ्या राहिल्या. मी काउंटरमागे डोळे मिटले. फुटल्या असत्या.

आता ती चौथी लेव्हल. तिच्यात विटकरी आणि शेवाळी गोट्या एकत्र येतात. भाच्याच्या मते ती सगळ्यांत अवघड. "मी स्वतः पार केलेलो नाही मामा, लई खतरनाक झाली आहे." मी पहिल्या फटक्यात पार केली. बायकोनं भाजी निवडता निवडता केली. खेळून बघणाऱ्या त्याच्या सगळ्या मित्रांनी फॉर्मवर लिहिलं की तिसरी जीव घेते, चौथी पोरखेळ. पोरगं खचलं. माळ्यावर जाऊन मी म्हणालो, खेळून दाखव. त्यानं झोकात दोन विटकरी हेरल्या आणि तिसरं बोट शेवाळीवर ठेवलं. छत खाली.

"अरे, ती शेवाळी आहे."

"कुठली?"

हे 'कुठली' ऐकलं आणि मला तो आठवीत असतानाचा दिवस आठवला. डाळिंबी रीळ आणायला पिटाळला होता, हा मेंदी घेऊन आला, आणि मी गिऱ्हाइकासमोर त्याला गाढव म्हणालो होतो. मग त्यानं खेळासाठी रंग निवडले कसे? तर आकड्यांवरून. कॉम्प्युटरमध्ये प्रत्येक रंगाला सहा अक्षरांचा कोड असतो. बघायची गरजच नाही.

डोळ्यांच्या डॉक्टरांनी ठिपक्याठिपक्यांच्या वर्तुळांचं पुस्तक काढलं. एका पानावर मला ७४ दिसले, त्याला २१. लाल-हिरव्याचा घोटाळा, जन्मजात. आईकडून मुलाला येतो, म्हणाले, बहुतेकदा आईला स्वतःला काही होत नाही. तिला तिच्या आईकडून नाहीतर वडिलांकडून आलेला असतो. "तुमच्या वडिलांना होतं काय?"

"आमच्या आण्णांना? मॅचिंग सेंटर होतं त्यांचं!" मी हसलो. डॉक्टरही हसले. आक्का हसली नाही.

भाच्यानं गोट्यांवर खुणा काढल्या. बदाम, किलवर, चौकट, इस्पिक. कँडी क्रशमध्येही प्रत्येक रंगाच्या गोळीचा आकार निराळा आहे, हे मला इतकी वर्षं खेळणाऱ्या बायकोकडे बघून कधी कळलं नव्हतं. चौथी लेव्हल त्यानं त्याच संध्याकाळी पार केली आणि आक्कानं खरीखुरी फोडणी दिली.

मी दुकान बंद करताना खोकी बघत उभा राहिलो. प्रत्येकावर वळणदार अक्षरातली चिठ्ठी. डाळिंबी. आमसुली. शेवाळी. एक खोकं इकडचं तिकडं झालं तर आण्णा दुकान डोक्यावर घ्यायचे. आम्ही म्हणायचो, शिस्त.

घरी आल्यावर आईला विचारलं. ती लसूण सोलत होती. हात थांबले नाहीत.

"टोमॅटो कधी आणू दिलेत काय मी त्यांना?" ती म्हणाली. "आणि त्या चिठ्ठ्या कुणी लिहिल्या असं वाटतंय तुला?"