खुलासा: नागपुरातली ठिपक्यांची पाल ‘टोके’ नव्हे

‘घरात ठिपक्यांची मोठी पाल दिसली तर डबीत भरा, ती टोके आहे, लाखोंना विकली जाते’ हा मेसेज चुकीचा आहे. टोके गेको (पालीची एक मोठी जात) भारतात मुख्यतः ईशान्येकडे आढळतो, विदर्भातला नाही. त्याचा व्यापार 2019 पासून साइट्स कराराच्या (वन्यजीवांच्या आंतरराष्ट्रीय व्यापाराचा करार) परिशिष्ट 2 मध्ये नियंत्रित आहे. आपल्या भिंतीवर, झाडाच्या सालीवर दिसतात त्या बहुतेक हेमिडॅक्टायलस (नेहमीच्या घरपालींचा गट) पाली.

ओळख पटवायची तर पाल काचेवर असताना पलीकडून तिच्या बोटांखाली बघा. हेमिडॅक्टायलसच्या पट्ट्या मधोमध दुभंगून जोडीजोडीने असतात, टोकेच्या सलग. टोके राखाडी-निळसर, त्यावर नारिंगी ठिपके. पापण्या मिटणारी, जाड शेपटीची पाल दिसली तर ती युब्लेफॅरिस (जमिनीवर राहणाऱ्या पालींचा गट); बोटांना चिकट गाद्या नसल्याने ती काचेवर चढतच नाही. यातली एकही विषारी नाही, कृपया मारू नका.

शेपटी धरू नका, तुटते. वर डबा ठेवून खालून पुठ्ठा सरकवा आणि जवळच सोडा. जखमी असेल तर भोकांच्या डब्यात ओलसर टिश्यू घाला; दूध अजिबात नको. मे महिन्यात बंद गाडीत ठेवलेला डबा म्हणजे भट्टीच, पाल काही मिनिटांत मरते. लगेच 1926 वर वनविभागाला कळवा किंवा सेमिनरी हिल्सच्या ट्रान्झिट ट्रीटमेंट सेंटरला (जखमी वन्यप्राण्यांचे उपचार केंद्र) न्या.