“त्याला कोणी काही केलंच नाही” म्हणणाऱ्यांसाठी

आज आमच्या इथल्या मराठी पालकांच्या ग्रुपवर मी ‘कॉलिन इन ब्लॅक अँड व्हाइट’, म्हणजे काळा अमेरिकन फुटबॉलपटू कॉलिन कॅपरनिकच्या शाळेच्या दिवसांवरच्या मालिकेबद्दल लिहिलं, पोरांना दाखवा म्हणून. लगेच उत्तर आलं, “बघितली गं, पण त्याला कोणी मारलं नाही, शिवी दिली नाही, गोऱ्या आईबापांनी दत्तक घेऊन सगळं दिलं, मग एवढं रडगाणं कशाला?” त्यावर धडाधड अंगठे. तेव्हापासून डोकं ठणकतंय, म्हणून इथे लिहितेय.

अगं तेच तर दाखवलंय ना! कोणी काही करतच नाही. कॅलिफोर्नियातलं टर्लॉक, पोरगा बेसबॉल खेळतोय, बास्केटबॉलपटू ॲलन आयव्हर्सनसारख्या बारीक वेण्या घालतो हौसेने, तर कोचला त्या चालत नाहीत, आणि आई, जीव लावणारी आई, म्हणते गुंडासारखा दिसतोस. टीमबरोबर हॉटेलात उतरतात तेव्हा बाकीची पोरं बिनधास्त फिरतायत, हटकतात फक्त ह्याला. आणि आईबाप तिथेच असून त्यांना काही दिसत नाही! मला हॉटेलवाल्यांपेक्षा त्या दोघांचा जास्त राग आला.

माझ्या लेकाच्या टीममधला एक काळा मुलगा आमच्या गाडीतून मॅचला यायचा. सातवीतलं पोर. वाटेत एका दुकानात थांबलो तर दारातच त्याने हुडी डोक्यावरून काढली, हात खिशातून बाहेर घेतले. माझा लेक तसाच हुंदडत आत. दोघांनी गेटोरेड घेतलं, माझ्या लेकाने पावती काउंटरवरच टाकली, ह्याने मात्र ती हातात धरली, गाडीत बसेपर्यंत. मी विचारलं कशाला रे? “मॉमने सांगितलंय.” बास, एवढंच.

आता सांगा, त्या दुकानात त्याला कोणी काय केलं? काहीच नाही! मग ती पावती कशासाठी?

हो, पहिल्या एपिसोडमधली खेळाडूंची निवड आणि गुलामांचा लिलाव ही तुलना मलाही जरा जास्त वाटली, आणि मोठा कॅपरनिक मधेमधे येऊन लेक्चर देतो तेही मान्य. पण म्हणून बाकीचं खोटं होत नाही. सगळे म्हणत होते तू बेसबॉलमध्ये चेंडू टाकणारा पिचर हो, आणि त्याला व्हायचं होतं अमेरिकन फुटबॉलमध्ये टीमचा खेळ चालवणारा क्वार्टरबॅक. शेवटी फुटबॉलसाठी स्कॉलरशिप दिली ती एकट्या नेवाडा विद्यापीठाने. पुढे हाच माणूस सॅन फ्रान्सिस्कोच्या फोर्टीनाइनर्स टीमला सुपर बोलपर्यंत, म्हणजे फुटबॉल लीगच्या फायनलपर्यंत घेऊन गेला. आणि 2016 मध्ये काळ्या लोकांवरच्या अन्यायाचा निषेध म्हणून राष्ट्रगीताच्या वेळी गुडघा टेकला तर त्या सीझननंतर एकाही टीमने त्याला घेतलं नाही. हे सगळं लहानपणच्या त्या हॉटेलपासून वेगळं काढता येतं का तुम्हाला? मला नाही येत.

आणि “आपण भारतीय, आपल्यात रेसिझम नाही” हे तर कृपया बोलूच नका. ह्याच ग्रुपवर नवीन आलेल्या जोडप्याला अमुक भागात घर घेऊ नका, तिथे “ते लोक” राहतात, असं सांगणारे कोण होते?

खरं सांगू, राग बाजूला ठेवला तर मला सारखी त्या पावतीवाल्या पोराची आई आठवते. डब्यात काय दिलंय, स्वेटर घेतलास का, हे आपण विचारतो. तिला त्याच्या जोडीने हुडी, खिसे, पावती हेही शिकवावं लागलं, आणि तेही पोर घाबरणार नाही अशा आवाजात. किती वेळा घोकून घेतलं असेल की दुकानात शिरताना त्याला विचारसुद्धा करावा लागला नाही. तिला जाऊन कोणीतरी सांगा, तुझ्या मुलाला कोणी काही केलेलं नाही म्हणून.

सहाच एपिसोड आहेत, नेटफ्लिक्सवर. पोरांना शेजारी बसवून बघा. हॉटेलच्या प्रसंगाला ती काहीतरी विचारतीलच, माझ्या लेकाने विचारलं होतं. तुम्ही काय उत्तर दिलंत ते ग्रुपवर लिहा, मग पुढे बोलू.