उतारा न वाचता उत्तरं? हा मेसेज पुढे पाठवू नका

‘सीसॅटच्या पाच हमखास ट्रिक्स’ हा मेसेज सदाशिव पेठेतल्या अभ्यासिकांच्या ग्रुपवर फिरतोय. सीसॅट म्हणजे राज्यसेवा आणि यूपीएससीच्या पूर्वपरीक्षेतला उतारे आणि तर्कावरचा पेपर. माझ्या भाचीनं तो छापून टेबलासमोर चिकटवलाय, तेही पूर्वपरीक्षा तोंडावर असताना. म्हणून हे लिहिणं भाग आहे.

सगळ्यात घातक ट्रिक आधी घेतो: ‘फक्त, केवळ, कधीच असे शब्द असलेला पर्याय डोळे झाकून खोडा, बहुतेक, काही असे शब्द असलेला निवडा.’ आता हा छोटा उतारा बघा.

‘दख्खनच्या बेसॉल्टमध्ये पाणी साठतं ते भेगांत आणि झिजलेल्या थरांत, अखंड खडकात ते जवळपास मुरत नाही. त्यामुळे शेजारशेजारच्या दोन बोअरपैकी एकीला भरपूर पाणी लागतं आणि दुसरी कोरडी जाते, असं घडू शकतं.’

यावरून कोणता निष्कर्ष निघतो?
(1) बोअर जितकी खोल, तितकं पाणी जास्त.
(2) केवळ शेजारच्या बोअरला पाणी लागलं म्हणून आपल्याही बोअरला लागेलच, असं म्हणता येत नाही.
(3) बोअर घेण्यापूर्वी भूजलतज्ज्ञाचा सल्ला घ्यायला हवा.
(4) दख्खनमधल्या बहुतेक बोअर कोरड्या जातात.

ट्रिक लावली की ‘केवळ’ दिसताच दुसरा पर्याय जातो आणि ‘बहुतेक’मुळे चौथा हाती लागतो. उत्तर मात्र दुसराच आहे. उतारा ‘घडू शकतं’ म्हणतो. किती बोअर कोरड्या जातात याबद्दल अवाक्षर नाही. खोलीचाही उल्लेख नाही. तिसरा पर्याय शहाणपणाचा आहे, पण तो आपल्या डोक्यातून आलाय, उताऱ्यातून नाही. हुशार मुलं इथेच फसतात. शब्द कडक की मवाळ हे बघायचंच नाही. पर्याय उताऱ्याच्या पुढे जाऊन बोलतोय का, एवढंच तपासायचं आणि ज्या ओळीच्या जोरावर तो निवडला तिच्यावर बोट ठेवता आलं पाहिजे.

‘उतारा वाचू नका, प्रश्नातला शब्द शोधा.’ यात अर्धं तथ्य आहे, तेवढं मान्य करतो. आधी प्रश्नांवर नजर टाकायला हरकत नाही, पण पर्याय वाचायचे नाहीत, नाहीतर तीन चुकीची विधानं डोक्यात घेऊनच वाचन सुरू होतं. शिवाय उताऱ्यातले शब्द जसेच्या तसे उचललेला पर्याय अनेकदा सापळा असतो. बरोबर उत्तर तोच अर्थ वेगळ्या शब्दांत सांगतं.

‘मनातला आवाज बंद करा, मिनिटाला हजार शब्द वाचा.’ वाचनाचा अभ्यास करणारे मानसशास्त्रज्ञ कीथ रेनर आणि सहकाऱ्यांनी 2016 मध्ये वेगवाचनावरच्या संशोधनाचा मोठा आढावा घेतला. इंग्रजी वाचणारे सुशिक्षित प्रौढ मिनिटाला साधारण 200 ते 400 शब्दांच्या वेगानं समजून वाचतात. वेग त्याच्या खूप पुढे नेला की आकलन घसरतं आणि मनातला आवाज दाबला तरी तेच होतं, असं त्यात स्पष्ट आहे. मुळात एवढी घाई कशाला? राज्यसेवेच्या सीसॅटला 80 प्रश्न आणि 120 मिनिटं, म्हणजे पाच प्रश्नांच्या उताऱ्याला साडेसात मिनिटं. 350 शब्द मिनिटाला 150 च्या संथ गतीनं वाचले तरी अडीच मिनिटांत होतात. वेळ खातं ते दोन पर्यायांत अडकून उतारा तिसऱ्यांदा वाचणं.

‘सर्वांत लांब पर्याय बरोबर’ यावर शब्द खर्च करत नाही.

‘एकही प्रश्न सोडू नका.’ राज्यसेवेत चुकीला त्या प्रश्नाच्या गुणांचा पाव हिस्सा कापतात, त्यामुळे निव्वळ चिठ्ठ्या टाकल्या तरी हिशेब किंचित फायद्यात राहतो, हे खरं. यूपीएससीत एक तृतीयांश कापतात, तिथे तो शून्यावर येतो. पण उताऱ्याचे चुकीचे पर्याय मुद्दाम मोहात पाडायला रचलेले असतात, त्यामुळे अर्धवट वाचून ठोकलेलं उत्तर चिठ्ठीपेक्षाही वाईट ठरू शकतं. दोन पर्याय पुराव्यानिशी खोडता आले तर जरूर निवडा.

त्या कागदाच्या जागी आयोगाची जुनी प्रश्नपत्रिका आणि अंतिम उत्तरतालिका ठेवा. रोज दोन उतारे सोडवा आणि चुकलेल्या प्रत्येक उत्तरापुढे कारण लिहा: उताऱ्यात नव्हतं, जास्त बोललं, उलट अर्थ घेतला की प्रश्नातला ‘नाही’ सुटला. एकच कारण पुन्हा पुन्हा येऊ लागलं, तर पुढचे उतारे सोडवताना आधी तेच तपासा.