माझी हरकत, अण्णांचे अक्षर

औरंगजेबाला साताऱ्याचा किल्ला घेण्यासाठी १६९९ च्या डिसेंबरपासून १७०० च्या एप्रिलपर्यंत वेढा घालून बसावे लागले. आमच्या शेजारच्या अण्णांनी तोच अजिंक्यतारा दहा बाय बाराच्या एका खोलीच्या नकाशाने माझ्याकडून काढून घेतला. आमच्या गच्चीच्या दक्षिणेला अण्णांचे घर आणि त्यामागे किल्ला, ही रचना गेली अठरा वर्षे सुखाने नांदत होती. सकाळी चहाचा कप घेऊन गच्चीवर जावे, किल्ल्यावरचे ढग पाहून ‘आज पाऊस नक्की’ असे भाकीत सौ.ला ऐकवावे आणि तिने दोरीवरचे कपडे मुळीच काढू नयेत, हा आमचा नित्यक्रम होता.

विलायतेत म्हणे कोणी घर वाढवू लागला, की शेजाऱ्यांना आधी कळवून त्यांचे म्हणणे मागवतात. आमच्याकडे अण्णांच्या नव्या खोलीची बातमी वहिनींनी सांडग्यांच्या डब्याबरोबर दिली. सांडगे उत्तम होते, त्यामुळे हरकत घेण्याचा निश्चय करायला मला दोन दिवस लागले.

हरकत म्हटली की अर्ज आला, आणि आमच्या गल्लीत अर्ज म्हणजे अण्णा. तहसील कचेरीत हयात घालवून निवृत्त झालेला हा गृहस्थ पाणीपट्टीच्या चुकीपासून जन्मदाखल्यातल्या वेलांटीपर्यंत सर्वांचे अर्ज लिहून देतो आणि मोबदल्यात फक्त एक झेरॉक्स प्रत मागतो. तरीही स्वाभिमानापोटी मी स्वतःच एक अर्ज लिहिला. खिडकीवरच्या लिपिकाने तो शांतपणे वाचला आणि “यात किल्ल्याचे वर्णन छान आहे, पण विषय कुठे आहे?” असे विचारून परत केला.

संध्याकाळी मी अण्णांकडे गेलो.

“एका शेजाऱ्याच्या बांधकामाला हरकत घ्यायची आहे.”

“कोणत्या बाजूचा शेजारी?”

“दक्षिणेचा.”

अण्णांनी आपल्याच भिंतीकडे क्षणभर पाहिले, चष्मा पुसला आणि म्हणाले, “म्हणजे प्रतिपक्ष मीच. बसा. अहो, चहा टाका, अर्ज लिहायचा आहे.”

पुढचे दोन तास मी पक्षकार कमी आणि विद्यार्थी जास्त होतो. पापड वाळवण्याचे ऊन अडेल, हा सौ.चा मुद्दा त्यांनी पहिल्याच फटक्यात खोडला, कारण पापड वैशाखात वाळवतात आणि त्या दिवसांत साताऱ्याचा सूर्य भर दुपारी डोक्यावर असतो. दक्षिणेच्या खोलीची सावली तुमच्या गच्चीवर येईलच कशी? किल्ला दिसण्याचा मुद्दाही गेला, कारण देखाव्यावर कायदा कोणाला हक्क देत नाही. उजेड आणि वारा यांचे मात्र तसे नाही. १८८२ च्या सुखाधिकार कायद्याप्रमाणे खिडकीतून सलग वीस वर्षे विनातक्रार येणाऱ्या उजेडावर हक्क सांगता येतो. माझे डोळे चमकले.

“तुम्हाला अठराच झाली आहेत,” अण्णा मायेने म्हणाले. “म्हणून तर मी बांधकाम यंदाच काढले.”

उरला सामासिक अंतराचा, म्हणजे इमारतीच्या बाजूला सोडायच्या मोकळ्या जागेचा मुद्दा, आणि तो त्यांनी स्वतःविरुद्ध इतक्या तळमळीने मांडला, की माझाच जीव कासावीस झाला. १९६६ चा नगररचना अधिनियम आला, २०२० ची एकात्मिक नियमावली आली, ‘सबब’ आणि ‘सदरहू’ जागच्या जागी बसले. फुलस्केप कागदाच्या डाव्या बाजूला त्यांनी दोन बोटे समास काटेकोरपणे सोडला. तितका ते आपल्या इमारतीच्या बाजूला सोडतील की नाही, हाच अर्जाचा मुख्य प्रश्न होता, पण ते बोलून दाखवण्याची ती वेळ नव्हती. शेवटी ‘आपला विश्वासू’ याच्या खाली मी सही केली. प्रतिपक्षाने ती पुसट आली म्हणून पुन्हा करायला लावली.

दुसऱ्या दिवशी लिपिकाने पहिली ओळ वाचताच मान वर केली. “अण्णांचे अक्षर!” आणि पोच देताना शिक्का जरा जास्तच आदराने उमटवला.

महिन्याभराने उत्तर आले: सदर नकाशा नियमानुसार असल्याने आपला अर्ज निकाली काढण्यात येत आहे. म्हणजे अण्णांना परवानगी मिळाली होती. अभिनंदनाचे पेढे घेऊन मी गेलो, तर ते माझ्या उत्तराचा कागद हातात धरून खिन्न बसलेले.

“एवढा मुद्देसूद अर्ज, आणि उत्तर एका ओळीत?” त्यांचा आवाज कापत होता. “परवानगी नाकारली असती, तर मला नगररचना अधिनियमाच्या कलम ४७ खाली चाळीस दिवसांत शासनाकडे अपील करता आले असते. तुम्हाला तीही सोय नाही.”

“जाऊ द्या, अण्णा. पेढा घ्या.”

त्यांनी पेढा बाजूला ठेवला, कपाटातून नवा फुलस्केप काढला आणि दहा रुपयांचे कोर्ट फी तिकीट थुंकी लावून वरच्या कोपऱ्यात चिकटवले. “माहितीचा अधिकार,” ते म्हणाले. “तीस दिवसांत उत्तर द्यावे लागते. माझा नकाशा कोणत्या आधारावर मंजूर केला, ते तुम्हाला कळलेच पाहिजे.”

खाली वाळूचा ट्रक येऊन थांबला होता आणि गवंडी अण्णांना हाका मारत होता. “थांब रे,” अण्णा खिडकीतून ओरडले, “यांचा अर्ज पुरा होऊ दे!”