मध्येच कडमडावे कसे

सर्वप्रथम अभिनंदन. तुमचे वडील चाळीस वर्षे गणपती पेठेत भडंग विकत बसले आणि तुम्ही त्याच भडंगाची वेबसाइट काढलीत. मी कालच उघडून पाहिली. भडंग दिसला, भाव दिसला, 'विकत घ्या' असे बटण दिसले. अर्धा किलो मागवला आणि बाहेर पडलो. सगळा कारभार दीड मिनिटात आटोपला.

धंदा असा करतात होय?

गिऱ्हाइकाला हवे ते लगेच हातात दिले, तर ते घेऊन घरी जाणारच. तुमचे वडील निदान 'बसा की, चहा सांगतो' म्हणायचे. ऑनलाइन चहा सांगता येत नाही, म्हणून तर पॉप-अप आहे. माणूस भडंगात लसूण आहे का हे वाचायला लागला, की तिसऱ्या शब्दाला त्याच्या आणि लसणीच्या मध्ये चौकट टपकली पाहिजे: 'आमच्या परिवारात सामील व्हा!' चुरमुऱ्यांसाठी आलेल्या माणसाला आणखी एक परिवार नको असतो, हे खरे. पण त्याला विचारतोय कोण?

आणि हे काम हलके समजू नका. घराणे मोठे आहे, आणि त्याची सुरुवात कागदी पुस्तकांतून होते. तेराव्या शतकात मॅथ्यू पॅरिस नावाच्या इंग्रज मठवाशाने आपल्या हस्तलिखितात फिरत्या चकत्या बसवल्या होत्या. १५७० साली लंडनमध्ये युक्लिडची भूमिती इंग्रजीत छापली, तेव्हा तिच्या पानांवर कागदाचे तुकडे चिकटवून दिले. वाचकाने ते उचलून एकमेकांना टेकवले की पानावर पिरॅमिड उभा. पुढे म्युनिकच्या लोथार मेगेनडॉर्फरने तर कमाल केली. एक पट्टी ओढली की चित्रातल्या माणसाचे डोळे, हात, जबडा सगळे एकदम हलायचे. कागदाच्या आत तांब्याच्या तारेची बारीक वेटोळी बसवून त्याने हे साधले. १८८७ साली त्याने अख्खी सर्कस घडीच्या पुस्तकात उभी केली. 'पॉप-अप' हे नाव अशा पुस्तकांना रूढ केले ते न्यूयॉर्कच्या ब्लू रिबन बुक्सने, १९३२ च्या सुमारास. आजही या पुस्तकांचे सुटे भाग माणसेच हाताने घडी घालून चिकटवतात.

एवढी थोर मंडळी, पण एका बाबतीत कच्ची. पान उलटायचे काम त्यांनी वाचकावर सोडले. माझी भाची अशा पुस्तकातला किल्ला दिवसातून वीसदा उघडते. बुरूज फाटला, तर सेलोटेप लावून पुन्हा उघडते. पोरीचे इतके प्रेम मिळवून त्या किल्ल्याने काय कमावले? तिचा ईमेल पत्तासुद्धा त्याला मिळवता आला नाही.

परदेशी दाखले नको असतील तर घरचा घ्या. आपली सांगली नाट्यपंढरी. १८४३ साली विष्णुदास भाव्यांनी इथे 'सीतास्वयंवर' केले आणि पुढे त्या धर्तीच्या नाटकांत राक्षसांची चंगळ झाली. राळेचा भडका उडायचा, 'अलल्डुर्र' अशी आरोळी यायची आणि राक्षस रंगमंचावर दणकन हजर. पुढच्या रांगेतली पोरे आईच्या पदरात. पॉप-अप म्हणतात तो हाच. पण या राक्षसातही खोट होतीच. तो कथेतला होता, आपली वेळ आली की यायचा आणि शेवटी मरायचा. 'पुन्हा केव्हा किंचाळू, आज रात्री की रोज?' असे विचारायला थांबायचा नाही.

ही उणीव अमेरिकेत भरून निघाली. १९९० च्या दशकात ट्रायपॉड नावाच्या साइटवर लोक स्वतःची पाने फुकट बनवायचे आणि त्यांवर कंपनी जाहिराती लावायची. एका मोटार कंपनीची जाहिरात नेमकी एका अश्लील पानावर जाऊन बसली आणि मोटारवाले खवळले. मग इथन झकरमन या तिथल्या माणसाने तोड काढली: जाहिरात पानावर नकोच, तिला वेगळी खिडकी उघडून द्यायची. म्हणजे सोवळे-ओवळे सांभाळायला केलेली ही सोय. २०१४ साली त्याने जाहीर लेख लिहून जगाची माफी मागितली आणि हेतू चांगला होता, असेही सांगितले. तुम्ही माफीच्या फंदात पडू नका. हेतूचे वाक्य मात्र पाठ करून ठेवा, उपयोगी पडते.

या खिडक्या अडवणारे ब्राउझर २००० पासून येऊ लागले, २००४ मध्ये मायक्रोसॉफ्टनेही अडसर घातला. लोकांना वाटले, सुटलो. भाबडी माणसे! अडवता येते ती वेगळी उघडणारी खिडकी. आता तुम्ही खिडकी उघडायचीच नाही, पानाच्याच अंगावर दुसरा थर पांघरायचा. राखणदाराला वाटते, हे घरातलेच माणूस. जावई म्हणून आत घेतलेला चोर कुठला पोलीस पकडणार?

आता फुलीकडे वळू, कारण कारागिरी दिसते ती तिथेच. बंद करायची फुली द्यावी लागते, पण कुठे आणि केवढी हे तुमच्या हातात आहे. पांढऱ्यावर फिक्की राखाडी, तिळाएवढी, वरच्या कोपऱ्यात. शेतात राबलेल्या माणसाचा अंगठा तिच्यावर पडला, तर तिच्यासकट शेजारचे बटणही दाबले गेले पाहिजे. पहिले पाच सेकंद ती दिसूच नये. आणि फुलीसारखे दिसणारे जे पहिल्यांदा दिसेल, ते जाहिरातीच्या चित्राचाच भाग असावे.

फुली न देता शब्द द्यायचे असतील, तर 'नको' एवढे मोकळे उत्तर कधीही लिहू नका. एका बाजूला ठळक हिरवे 'हो, मला सवलत हवी' आणि दुसऱ्या बाजूला बारीक अक्षरात 'नको, मला पैसे उधळायला आवडतात'. तुमच्या वडिलांनी दुकानात हे केले असते, तर गिऱ्हाइकाने बरणी फोडली असती. स्क्रीनवर तो निमूटपणे स्वतःला उधळ्या म्हणवून घेतो.

आणखी युक्त्या हव्या असतील तर सरकारने फुकट अभ्यासक्रम काढलाय. केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने ३० नोव्हेंबर २०२३ रोजी अशा फसव्या रचनांचे १३ प्रकार अधिसूचनेत नोंदवले. खोटी घाई लावणे, टोपलीत गुपचूप वस्तू सरकवणे, गिऱ्हाइकाला लाजवणे, पुन्हा पुन्हा टोचत राहणे, सगळे व्याख्या आणि उदाहरणांसह. हे करू नका, असे त्यात म्हटले आहे खरे. पण इतक्या नेटक्या क्रमाने शिकवणी वर्गही शिकवत नाहीत.

'सूचना पाठवू का?' हा प्रश्न मात्र ब्राउझरला थेट विचारू देऊ नका. तिथे माणसाने एकदा 'नाही' दाबले, की दार कायमचे बंद होते. म्हणून आधी तुमची स्वतःची खोटी चौकट दाखवा, 'आत्ता नको' आणि 'हो' अशी. 'हो' म्हणणाऱ्यालाच खऱ्या प्रश्नापुढे उभे करा. 'आत्ता नको' म्हणणाऱ्याला उद्या विचारा. परवाही विचारा. मुलगी बघायला आलेली माणसे एका नकाराने थोडीच उठतात?

आमच्या तात्यांचे उदाहरण सांगतो. बोलणे संपवून फोन ठेवला की त्यांच्या साध्या मोबाइलवर चौकट यायची, खाली 'ओके' आणि 'कॅन्सल'. कुणी अदबीने विचारले की हो म्हणावे, हे तात्यांचे संस्कार. त्यांनी 'ओके' दाबले आणि नकळत कॉलर ट्यून विकत घेतली. कॉलर ट्यूनची गंमत अशी, की ज्याने ती घेतली त्याला ती ऐकू येत नाही. त्याच आठवड्यात भावकीत मयत झाली. दहाव्याला हरिपूरला किती वाजता यायचे, हे विचारायला ज्याने ज्याने तात्यांना फोन केला, त्याने आधी ढोलकी ऐकली आणि मग लावणी. तेराव्यापर्यंत तात्यांना पत्ता नव्हता. लोक आपल्याशी असे तुटक का बोलताहेत, एवढेच ते आक्काला विचारत होते. कंपनीने कापलेले पैसे परत दिले नाहीत. 'आपण संमती दिली होती,' म्हणाले. बघा, संमती किती मोलाची असते ते.

आता हंगामाचे बोलू. भडंगाला दिवाळी, तशी पॉप-अपला ऑगस्ट. वर कोयनेतून पाणी सोडले की अख्खी सांगली फोन हातात घेऊन एकच आकडा शोधते: आयर्विन पुलाची पातळी. ४० फुटांना इशारा, ४५ ला धोका, आणि २०१९ साली ५७ च्या वर गेलेले पाणी अजून कुणी विसरलेले नाही. रात्री दोनला माणूस गॅलरीत उभा राहून बातमी उघडतो. 'आयर्विन पुलाजवळ पाण्याची पातळी' एवढे वाचून होते आणि आकड्यावर चौकट येते. असे गिऱ्हाईक वर्षभरात पुन्हा मिळायचे नाही. पळून जाणार नाही, डोळा हलवणार नाही, फुली शोधण्यासाठी जिवाचे रान करील. तिथे तुमची जाहिरात लावून टाका. 'पावसाळी धमाका, दोन किलोवर पाव किलो फ्री.' कुकी म्हणजे काय हे माहीत नसताना तो सगळ्या कुकींना मान्यता देईल. मागितलेत तर पाच तारेही देईल.

तात्यांसारखे हट्टी लोक मात्र फोन खिशात टाकून स्वतःच पुलावर पाणी बघायला जातात. त्यांचीही सोय करून ठेवा. वाटेवरच्या चौकात एक फ्लेक्स उभारा, वीस बाय दहाचा, नदी झाकेल असा. तुमचा हात जोडलेला फोटो, 'पूरग्रस्तांच्या पाठीशी खंबीर' आणि खाली शुभेच्छुकांचे चाळीस चेहरे. त्याला फुली द्यावी लागत नाही.