खवले मांजराचे कोटी रुपये कोणाला मिळाले?

‘एक खवले मांजर, आयुष्यभराची ददात मिटली’ अशा मथळ्याचा मेसेज सध्या गावोगावच्या ग्रुपवर फिरतोय. दावे असे: अंगभर खवले असलेल्या या रानटी प्राण्याच्या (इंग्रजीत पँगोलिन) खवल्याची अंगठी घातली की मूळव्याध जाते, खवला उगाळून चाटवला की मुलांचा दमा बरा होतो. परदेशात एका जनावराचे कोटी रुपये येतात. ते रात्री थडगी उकरून प्रेतं खातं, त्यामुळे मारलं तरी पाप नाही. आणि कोकणात ती ढिगाने आहेत, सरकार उगाच बाऊ करतं. खाली ‘जनहितार्थ’ असं लिहायला विसरलेले नाहीत.

असल्या मेसेजकडे मी एरवी काणाडोळा करतो. पण परवा मावशीचा फोन: “तुझ्या ओळखीचं कोणी आहे ना रे संगमेश्वराकडे? एखादा खवला मिळतो का बघ, नातीच्या दम्यासाठी.” मावशी निवृत्त शिक्षिका आहे. म्हणून हा खटाटोप.

आधी औषध. खवला म्हणजे केराटिन. आपली नखं, केस, गेंड्याचं शिंग, सगळं त्याचंच. केराटिनने दमा जात असता तर न्हाव्याच्या दुकानातला केर उगाळून भागलं असतं. “चीनमध्ये शेकडो वर्षं वापरतात” हे मेसेजमधलं वाक्य मात्र खोटं नाही, वापरत आलेत. पण पुढचं सांगायचं टाळलंय. २०२० साली चीनने आपल्या अधिकृत औषधकोशातल्या कच्च्या औषधांच्या यादीतून खवले काढून टाकले आणि त्याच वर्षी या प्राण्याला संरक्षणाच्या सर्वांत वरच्या वर्गात घातलं. काही तयार औषधांच्या कृतींत ते त्या आवृत्तीतही राहिले होते, तेवढं मान्य. तरी ज्यांच्या नावावर हा माल खपवला जातो ते हात झटकायला लागलेत आणि आपण संगमेश्वरात चौकशी करतोय! उगाळलेल्या खवल्याच्या भरवशावर पोरीचा इन्हेलर बंद झाला आणि रात्री धाप लागली, तर मेसेज पाठवणारा येणार आहे का?

आता कोटी रुपये. मला सगळ्यात जास्त राग या दाव्याचा येतो. चोरटा बाजार आहे, तोही मोठा. एप्रिल २०१९ मध्ये सिंगापूरला आठवड्याभरात दोनदा माल पकडला, दोन्ही वेळा साडेबारा टनांहून जास्त खवले, दोन्ही वेळा नायजेरियाहून निघालेले. म्हणजे पैसा फिरतो. पण तो गावातल्या पोराच्या हातात येत नाही. त्याच्याकडे येतं ते ‘गिऱ्हाईक’, आणि ते पुष्कळदा वनखात्याने किंवा पोलिसांनी पाठवलेलं असतं. लॉजबाहेर सौदा, पोतं उघडलं की धरपकड. बातम्या वाचा, साचा ठरलेला आहे. हा प्राणी वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत आहे: किमान ३ वर्षं, जास्तीत जास्त ७ वर्षं कैद, आणि निदान २५ हजार रुपये दंड. मांडूळ साप विकण्याच्या नादात किती घरं अशी बसली ते आठवा.

“खवले काढून घ्या, पुन्हा येतात” असाही एक शहाणपणा त्यात आहे. खवले कातडीत घट्ट रुजलेले असतात. ते काढायला जनावर मारून उकळत्या पाण्यात घालतात. आणि ते पकडायला कौशल्यही लागत नाही. भ्यायलं की पळत नाही, तोंड पोटाशी घेऊन, वरून शेपटी गुंडाळून घट्ट चेंडू होतं. पिल्लू असेल तर तेही आत घेतं. वाघ-बिबट्यापुढे हा बचाव बऱ्यापैकी चालतो, माणूस सरळ उचलून पोत्यात टाकतो.

थडगी उकरून प्रेतं खाण्याबद्दल काय बोलायचं? त्याच्या तोंडात एकही दात नाही. लांब चिकट जीभ, तिला चिकटतील तेवढ्या मुंग्या आणि वाळवी, संपला आहार. नखं जबर असतात, ती वारुळं फोडायला. बिळासाठी बांध पोखरतं ही शेतकऱ्याची तक्रार मात्र अगदीच खोटी नाही. पण वाळवीपायी कलमं गेलेल्या बागायतदाराने जरा दुसऱ्या बाजूचाही हिशेब करावा.

‘ढिगाने आहेत’ म्हणणाऱ्याने शेवटचं कधी पाहिलं ते विचारा. मादीला एका वेळी सहसा एकच पिल्लू होतं, शेपटीच्या बुंध्यावर बसवून हिंडवते. उचलणं जोरात आणि भर इतकी सावकाश, मग आययूसीएन या निसर्गसंवर्धनाच्या आंतरराष्ट्रीय संघटनेच्या यादीत भारतीय खवले मांजर ‘संकटग्रस्त’ असेल नाहीतर काय? चिपळूणच्या ‘सह्याद्री निसर्ग मित्र’ची माणसं यासाठी कोकणात गावोगाव फिरतात. २०२० च्या फेब्रुवारीत चिपळूण तालुक्यातल्या डुगवे गावाने तर खवलोत्सव केला, खवले मांजराची प्रतिकृती पालखीत बसवून मिरवली. हा फोटो कोणी फॉरवर्ड करत नाही.

राहता राहिलं ‘घरी पाळा, पिल्लं विका’. पाळणं हाही गुन्हाच. शिवाय रोज त्याला पुरतील इतक्या मुंग्या आणणार कुठून? प्राणिसंग्रहालयांनाही ते जगवणं जड जातं.

विहिरीत पडलेलं किंवा रस्त्यावर जखमी दिसलं तर हात न लावता, फोटोसाठी गर्दी न करता १९२६ वर फोन करा. वनखात्याची हेल्पलाइन आहे.