खुलासा : ब्रिटनमधल्या फूड बँका आणि ‘११ लाख लोक’

‘ब्रिटनमध्ये २०१४-१५ साली ११ लाख लोक फूड बँकेत गेले, फुकट मिळतं म्हटल्यावर कोण सोडतंय?’ असा मजकूर फिरतो आहे. त्यातला आकडाही चुकीचा वाचलाय आणि कारणही.

फूड बँका, म्हणजे अडचणीतल्या लोकांना फुकट शिधा देणारी केंद्रं, चालवणाऱ्या ट्रसेल ट्रस्ट या संस्थेचा त्या वर्षीचा आकडा होता १०,८४,६०४. ही माणसं नव्हेत. तीन दिवसांचा शिधा किती वेळा दिला, त्याची ही मोजदाद. एकाच माणसाला दोनदा शिधा मिळाला तर तो दोनदा मोजला जातो. वेगवेगळी माणसं साधारण निम्मीच, हे संस्थेनेच तेव्हा स्पष्ट केलं होतं. सरकारविरोधकांनीही हा आकडा बिनदिक्कत ‘माणसं’ म्हणून वापरला, हेही सांगायला हवं. दुसरीकडे, स्वतंत्र फूड बँका त्यात धरलेल्याच नाहीत.

आता ‘फुकट’चं. २०१३ मध्ये ब्रिटनचे समाजकल्याण मंत्री लॉर्ड फ्रॉइड यांनी फुकट वस्तूला अमर्याद मागणी असते, अशा अर्थाचं विधान केलं होतं. पण ट्रसेलच्या फूड बँकेत सहसा थेट जाऊन पिशवी मिळत नाही. डॉक्टर, समाजसेवक किंवा सल्ला केंद्राची चिठ्ठी लागते. २०११ पासून सरकारी रोजगार केंद्रंही लोकांना तिकडे पाठवू लागली, त्यामुळे थोडी वाढ झाली असेल, मान्य. मात्र ‘युनिव्हर्सल क्रेडिट’ या सरकारी भत्त्याचा पहिला हप्ता मिळायला आधी सहा आणि २०१८ पासून पाच आठवडे लागत. तोवर खायचं काय? पैसे वेळेत हाती न पडणं हे वाढीचं मुख्य कारण असू शकतं, हे फेब्रुवारी २०१९ मध्ये फ्रॉइड यांच्याच हुजूर पक्षाच्या मंत्री अँबर रड यांनी संसदेत मान्य केलं.